परळच्या प्रयोगशाळेतले हाफकिन

वाचनपाठ : चरित्र

मुंबईत परळ भागात एक जुनी इमारत आहे. पोर्तुगीजांच्या काळात तिथं चर्च होतं. नंतर इंग्रजांचे गव्हर्नर तिथं राहायचे. आज तिथं साप, औषधं, जंतू आणि लसी यांचा अभ्यास चालतो. ही महाराष्ट्र सरकारची संस्था आहे आणि तिचं नाव आहे हाफकिन संस्था.

हाफकिन हे नाव मराठी नाही आणि इंग्रजीही नाही. मग मुंबईतल्या सरकारी संस्थेला हे नाव कसं मिळालं? आणि ज्या माणसाचं नाव दिलं, त्याच माणसाला आधी सरकारने कामावरून का काढलं होतं? या पाठात आपण ही गोष्ट वाचणार आहोत.

ओडेसा ते पॅरिस

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा इथं झाला. ओडेसा हे काळ्या समुद्राकाठचं मोठं बंदर आहे. आज ते युक्रेनमध्ये आहे, पण तेव्हा तिथं रशियाच्या झारचं राज्य होतं. हाफकिन यांचं कुटुंब ज्यू होतं. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर अनेक बंधनं होती. कधीकधी त्यांच्या वस्त्यांवर हल्लेही व्हायचे. कॉलेजात असताना हाफकिन ज्यू वस्तीचं रक्षण करणाऱ्या तरुणांमध्ये सामील झाले आणि त्यांना अटक झाली. त्यांचे शिक्षक इल्या मेचनिकोव्ह हे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या मदतीमुळे हाफकिन सुटले.

हाफकिन अभ्यासात फार हुशार होते. पण ज्यू माणसाला विद्यापीठात प्राध्यापक होता येत नव्हतं. धर्म बदलला असता तर नोकरी मिळाली असती. त्यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला. आधी ते स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला गेले आणि १८८९ साली पॅरिसला पोहोचले.

पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांची नवी संस्था नुकतीच सुरू झाली होती. पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस शोधली होती. त्या आनंदात देशोदेशीच्या लोकांनी वर्गणी दिली आणि त्या पैशातून ही संस्था उभी राहिली. तिथं हाफकिन यांना शास्त्रज्ञाची नोकरी मिळाली नाही. मिळाली ती ग्रंथालयातली मदतनिसाची. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असं त्यांचं चाललं होतं.

पटकीची लस

त्या वेळी जगाला कॉलऱ्याची फार भीती होती. मराठीत या रोगाला पटकी म्हणतात. सकाळी धडधाकट असलेला माणूस पटकीने संध्याकाळपर्यंत मरायचा. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली. आधी प्राण्यांवर प्रयोग झाले. मग प्रश्न आला की पहिल्यांदा माणसाला टोचायची तर कोणाला? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, आणि काही दिवसांत ते बरे झाले.

पण एकटा माणूस बरा राहिला म्हणजे लस चालते असं होत नाही. त्याला कदाचित पटकी झालीच नसती! लस खरंच चालते का, हे पटकी जिथं खूप आहे तिथंच कळणार होतं. म्हणून १८९३ साली हाफकिन भारतात आले. तेव्हा युरोपातून भारतात यायचं म्हणजे जहाजाने सुएझ कालवा ओलांडायचा आणि तांबड्या समुद्रातून पुढं जायचं. आपल्या शाळेतली जी मुलं सौदी अरेबियात राबिघला राहतात, त्यांना हा समुद्र रोज दिसतो.

कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांमध्ये लोक आधी सुईला घाबरले. त्यांचंही बरोबर होतं. अनोळखी परदेशी माणूस, अनोळखी औषध, आणि टोचल्यावर येणारा ताप! हाफकिन यांनी बंगाली डॉक्टरांना सोबत घेतलं. ते वस्तीत जायचे, बसायचे, समजावून सांगायचे. जबरदस्ती करायची नाही हा त्यांचा नियम होता.

त्यांचा आणखी एक नियम होता, तो म्हणजे नोंद ठेवायची. एकाच घरातल्या काही माणसांनी लस घेतली, काहींनी घेतली नाही. सगळ्यांचं पाणी एक, जेवण एक, घर एक. मग त्या घरात पटकी आली तर कोण आजारी पडलं? ते सगळं वहीत लिहून ठेवायचं. लस घेतलेले लोक कमी आजारी पडत होते, असं त्या नोंदींवरून दिसलं. आजही नवीन लस आली की शास्त्रज्ञ अशीच तुलना करतात. कोविडच्या लसींच्या वेळीही तेच केलं होतं.

मुंबईत गाठीचा ताप

सप्टेंबर १८९६. मुंबईतला मांडवी भाग बंदराजवळ होता. तिथं धान्याची मोठमोठी गोदामं होती आणि गोदामांत उंदीर होते. अचानक उंदीर पटापट मरायला लागले. मग माणसं आजारी पडू लागली. खूप ताप यायचा आणि काखेत किंवा जांघेत गाठ यायची. डॉ. अकासियो व्हिएगास हे गोव्याचे डॉक्टर मांडवीत रुग्ण तपासायचे. हा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखलं. मराठी लोक त्याला गाठीचा ताप म्हणायचे.

शहरात घबराट झाली. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे निघाले. गिरण्या ओस पडल्या. दुसऱ्या देशांनी मुंबईच्या जहाजांवर बंधनं घातली. १८९७ साली मुंबईहून हज यात्रेला जाणारी वाटही सरकारने बंद केली. जहाजाबरोबर प्लेग जेद्दाला आणि तिथून मक्केला जाईल, अशी भीती होती. त्या वर्षी कितीतरी यात्रेकरूंची आयुष्यभराची इच्छा मनातच राहिली.

व्यापार बुडतोय हे पाहून सरकार जागं झालं. माणसं मरत होती हे तर होतंच, पण पैसाही बुडत होता. सरकारने ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईला बोलावलं.

एक खोली आणि थोडं तूप

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. ही त्यांची प्रयोगशाळा!

लस बनवायला प्लेगचे जंतू भरपूर हवे होते. जंतू वाढवायला हाफकिन बाटलीत रस्सा भरायचे आणि त्यावर थोडं तूप सोडायचे. हो, आपण वरणभातावर घेतो तेच तूप! तुपाचे थेंब रश्श्यावर तरंगायचे. जंतू त्या थेंबांना चिकटून वाढायचे आणि खाली झुंबरासारखे लोंबकळायचे. बाटली हलवली की ते तळाला बसायचे आणि वर नवीन वाढायचे. पुरेसे जंतू झाले की बाटली गरम करून ते मारून टाकायचे. मेलेले जंतू रोग देऊ शकत नाहीत. पण शरीर त्यांना ओळखायला शिकतं आणि पुढं खरे जंतू आले तर लढायला तयार असतं.

हाफकिन दिवसरात्र काम करत होते. त्यांचा एक मदतनीस खचून आजारी पडला, बाकीचे सोडून जायच्या बेतात होते, तरी काम थांबलं नाही. जेमतेम तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पुन्हा स्वतःलाच टोचून घेतली. नंतर लोकांना देत त्यापेक्षा तो डोस बराच मोठा होता. ताप आला, दुखलं, पण ते बरे झाले.

थोड्याच दिवसांत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या ज्या कैद्यांनी स्वतःहून तयारी दाखवली, त्यांना लस दिली. बाकीच्यांना दिली नाही. जागा एकच, जेवण एकच. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्या कैद्यांमध्ये जास्त जण आजारी पडले. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, पण खूप माणसं वाचवू शकत होती.

विश्वास कसा मिळतो?

लस होती, पण लोक ती घ्यायला तयार होते का?

इथं पुण्याची गोष्ट सांगायला हवी. पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सरकारने सैनिक घरोघरी पाठवले. ते घरात घुसून रोगी शोधायचे, माणसांना घराबाहेर काढायचे, सामान जाळायचे. देवघर आणि स्वयंपाकघर यांचाही मान ठेवला जात नसे. लोक चिडले. या कामाचा प्रमुख वॉल्टर रँड होता. जून १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. सरकार प्लेगशी लढतंय की आपल्याशी, हेच लोकांना कळेनासं झालं होतं. अशा सरकारची सुई हातात घ्यायला कोण तयार होणार?

त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होते. शहराबाहेर त्यांचा दवाखाना होता. सावित्रीबाई रुग्णांना स्वतः तिथं घेऊन यायच्या. एका आजारी मुलाला तर त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हाफकिन यांनी मुंबईत लस टोचून घेतली, त्याला तेव्हा बरोबर दोन महिने झाले होते. लस तयार होती, पण ती अजून फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचली होती.

मुंबईत मात्र हळूहळू वेगळं घडत गेलं. आगाखान हे खोजा मुस्लिम समाजाचे धर्मगुरू होते. तेव्हा ते विशीतले तरुण होते. त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना कामासाठी आपली मोठी जागा दिली. आपले गुरू घेतात म्हटल्यावर त्यांच्या समाजातल्या हजारो लोकांनी लस घेतली. सैनिक पाठवून जे झालं नाही, ते विश्वासाने झालं.

काम वाढलं, जागा कमी पडू लागली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख झाले. व्हरांड्यात सुरू झालेलं काम आता गव्हर्नरच्या बंगल्यात चाललं होतं. इथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

मुल्कोवालची बाटली

मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस आला. पंजाबमध्ये मुल्कोवाल नावाचं गाव आहे. आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथं १०७ जणांना प्लेगची लस दिली. काही दिवसांत त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. प्लेगपासून वाचायला आलेली ही माणसं लसीनंतर मेली. गावावर काय वेळ आली असेल!

त्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. प्रत्येक बाटलीला क्रमांक होता, म्हणून हे कळलं. या बाटलीचा क्रमांक होता ५३ एन. दुसऱ्या बाटल्यांमधली लस घेतलेल्या लोकांना काहीच झालं नाही.

सरकारने चौकशी समिती नेमली. बाटली परळमध्येच खराब झाली, असं समितीने ठरवलं. हाफकिन यांनी लस बनवायची पद्धत थोडी बदलली होती. आधी ते बाटलीत कार्बोलिक ॲसिड घालायचे, नंतर फक्त उष्णतेने जंतू मारू लागले. त्यावरही बोट ठेवलं गेलं. हाफकिन यांना पदावरून बाजूला केलं आणि ते युरोपात परतले. ज्यांनी हजारो लोकांना वाचवलं, त्यांच्याकडे लोक आता गुन्हेगारासारखं पाहू लागले.

पण मुल्कोवालच्या नोंदींमध्ये आणखी काही गोष्टी होत्या. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली उघडली तेव्हा लसीला वास येत नव्हता. धनुर्वाताचे जंतू कित्येक दिवस बंद बाटलीत वाढले असते तर दुर्गंधी आली असती. म्हणजे चूक परळमध्ये नाही, तर गावात बाटली उघडताना झाली असण्याचीच शक्यता जास्त होती.

हे सरकारला पटवायला पाच वर्षं लागली. मलेरिया डासांमुळे पसरतो हे भारतात काम करताना सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये त्यांनी आणि इतर काही शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. अखेर १९०७ सालीच सरकारने हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर केला.

हाफकिन भारतात परत आले, पण परळला नाही, कलकत्त्याला. त्यांना पूर्वीसारखं काम करू दिलं नाही. थोड्या वर्षांनी ते निवृत्त झाले आणि युरोपात राहू लागले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथं त्यांचं निधन झालं.

खर्च कोणाचा, फायदा कोणाचा?

परळची प्रयोगशाळा सरकारी पैशावर चालायची. पण सरकारकडे पैसा कुठून आला? शेतकऱ्याने भरलेल्या शेतसाऱ्यातून आणि गरिबानेही भरलेल्या मिठावरच्या करातून. म्हणजे खर्च लोकांनीच केला होता. त्याचा फायदाही लोकांना मिळाला. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले.

शिवाय प्रयोगशाळा एका लसीवर थांबली नाही. हाफकिन गेल्यानंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी उंदरांचा आणि पिसवांचा अभ्यास केला. काही प्राण्यांचे पिंजरे जमिनीलगत ठेवले, काही उंच टांगले. पिसवांना उंच उडी मारता येत नाही, म्हणून वरचे प्राणी वाचले. प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात, हे अशा प्रयोगांमुळे पक्कं झालं. मग उंदीर मारणं आणि घरं स्वच्छ ठेवणं का महत्त्वाचं, हे सगळ्यांना कळलं. पुढं इथं सापाच्या विषावरच्या औषधाचं काम झालं. परळमध्ये हाफकिनच्याच नावाची महाराष्ट्र सरकारची कंपनी पोलिओचे डोस बनवते. २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाला. त्याआधी देशभरातल्या बाळांच्या तोंडात जे थेंब पडले, त्यातले कितीतरी परळहून आले होते.

प्रयोगशाळा सुरू करताना पोलिओच्या लसीचा विचार कोणीही केला नव्हता. सगळे प्लेगला घाबरले होते, म्हणून ती सुरू झाली. पण प्लेग कमी झाल्यावर ती बंद केली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. संशोधनावरचा खर्च आंब्याचं झाड लावण्यासारखा असतो. लावणारा एक आणि खाणारा दुसराच. फक्त मधल्या वर्षांत कोणीतरी पाणी घालत राहावं लागतं.

आज जगभरातले हज यात्रेकरू मेंदूज्वराची लस घेऊनच सौदी अरेबियात येतात. राबिघजवळ जुहफा नावाचं ठिकाण आहे. उत्तरेकडून येणारे यात्रेकरू तिथं पांढरी वस्त्रं नेसतात आणि मक्केकडे जातात. १८९७ साली रोगाच्या भीतीने मुंबईची यात्रा बंद करावी लागली होती. आता लस घेतली की वाट मोकळी असते.

शब्दार्थ

पटकी – कॉलरा
गाठीचा ताप – प्लेग
धनुर्वात – जखमेत मातीतले जंतू गेल्यामुळे होणारा रोग. यात अंग ताठ होतं
वर्गणी – एका कामासाठी अनेकांनी मिळून दिलेले पैसे
ओस पडणे – रिकामं होणे
जेमतेम – कसंबसं, फार तर
ठपका – चूक केल्याचा आरोप
शेतसारा – शेतजमिनीवरचा कर
पिसू (अनेकवचन : पिसवा) – प्राण्यांच्या अंगावर राहणारा, उडी मारणारा बारीक किडा
बोट ठेवणे – चूक दाखवणे

समजलं का?

१. हाफकिन यांना रशिया का सोडावा लागला?
२. लस बनवताना तुपाचा उपयोग काय होता? तुमच्या शब्दांत सांगा.
३. पुण्यातले लोक सरकारवर का चिडले? मुंबईत खोजा समाजाने लस का घेतली?
४. बाटल्यांना क्रमांक नसते, तर मुल्कोवालबद्दल कोणती गोष्ट कळली नसती?

बोला आणि लिहा

१. आजी, आजोबा किंवा घरातल्या मोठ्या माणसांना विचारा : त्यांच्या लहानपणी गावात कोणती लस टोचायला यायचे? लोक घाबरायचे का? त्यांनी सांगितलेलं आठ-दहा वाक्यांत लिहा.
२. तुम्ही राहता तिथं सरकारच्या पैशावर चालणारी एखादी संशोधन संस्था किंवा विद्यापीठ आहे का? (राबिघच्या मुलांनी दक्षिणेला असलेल्या थुवलच्या विद्यापीठाची माहिती काढावी.) तिथल्या एका संशोधनाबद्दल वर्गात दोन मिनिटं मराठीत बोला. त्याचा फायदा कोणाला होईल, तेही सांगा.